जनावराचे छायाचित्र आणि उन्हाची वेळ

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूमिहीन कुटुंबाच्या दावणीला असलेली एकुलती एक म्हैस दगावते, तेव्हा त्या घराचे नुसते दूध आटत नाही. कर्जाचा हप्ता, मुलांच्या शाळेचा खर्च आणि किराण्याची उधारी या सर्वांचा आधार एकाच रात्रीत नाहीसा होतो. अशा वेळी विम्याची रक्कम हाच काय तो दिलासा उरतो. ती रक्कम हाती पडण्यापूर्वी एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळावे लागते: मेलेली म्हैस आणि विमा उतरविलेली म्हैस एकच आहे काय? या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या कागदपत्रांत एका लहानशा छायाचित्राचा समावेश असतो. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विमाविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार विमा उतरविताना जनावराचे मालकासह एक आणि कानातील बिल्ला स्पष्ट दिसेल असे एक, अशी छायाचित्रे घ्यावयाची असतात. ती भर दुपारी, गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, घाईघाईने घेतलेली असली तर त्यांत एक काळा ठिपका आणि त्यात चमकणारे दोन डोळे एवढेच उमटते. असे छायाचित्र फाईलमध्ये लागते खरे; परंतु पुराव्याच्या वेळी ते मुकेच राहते.

म्हणून जनावराचे छायाचित्र ही हौशी कलावंताची बाब आहे, हा समज प्रथम दूर करावयास हवा. सात-बाराचा उतारा जसा जमिनीचा दाखला, तसे छायाचित्र हा जनावराचा दाखला होय. हा दाखला खरा उतरविण्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, विजेचे दिवे तर मुळीच लागत नाहीत. लागते ते सूर्यप्रकाशाचे ज्ञान आणि जनावराच्या स्वभावाची जाण. यांपैकी दुसरी गोष्ट खेड्यातील प्रत्येकाजवळ असते. पहिली थोड्या निरीक्षणाने साध्य होते.

सावली हेच घड्याळ

छायाचित्रणावरील पुस्तकांत सकाळी अमुक ते अमुक या वेळेत चित्रे घ्यावीत, असे सरसकट सांगितलेले आढळते. महाराष्ट्रात हा नियम जसाच्या तसा लागू करता येत नाही. राज्याचा पूर्वपश्चिम विस्तार एवढा मोठा आहे की, गडचिरोलीला सूर्य उगवल्यानंतर जवळजवळ अर्ध्या तासाने तो डहाणूच्या किनाऱ्यावरून दिसतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातील बाराला नव्हे, तर साधारणपणे बारा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास. ऋतुमानाप्रमाणे त्यात पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो.

त्यापेक्षा सोपे आणि कोठेही चालणारे साधन म्हणजे स्वतःची सावली. छायाचित्र घेणाऱ्याने उन्हात उभे राहून आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीइतकी किंवा त्याहून लांब असेल, तर सूर्य क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांच्या आत आहे असे समजावे. असा प्रकाश जनावराच्या अंगावर तिरपा पडतो. बरगड्यांची ठेवण, वशिंडाचा उठाव, मानेखालची पोळी, कासेचा आकार आणि मांड्यांचा भरीवपणा हे सर्व त्यात दिसू लागते. सावली आखूड झाली की पाठ पांढरीफेक पडते आणि पोट, कास व पाय काळोखात बुडतात. दुभत्या जनावराच्या बाबतीत जे पाहावयाचे तेच नेमके झाकले जाते.

संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये राज्यातील प्रत्येक गावावर एकेक दिवस सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली नाहीशी होते. मेच्या मध्यास पुण्याला साधारणपणे सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत सावली माणसाच्या उंचीहून आखूड असते. म्हणजे कार्यालयीन वेळेचा बहुतेक भाग या कामासाठी निरुपयोगी ठरतो! शिबिरे मात्र नेमकी अकरा वाजता सुरू होतात. उलट डिसेंबरच्या अखेरीस पुण्याला माध्यान्हीचा सूर्य सुमारे अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो आणि तोही दक्षिणेकडे कललेला. त्या दिवसांत जनावराची एक बाजू दक्षिणेकडे करून उभे केले, तर दुपारीदेखील समाधानकारक चित्र मिळते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. तेथे येणाऱ्या जनावरांच्या नोंदीसाठी त्यामुळे जवळजवळ संपूर्ण दिवस उपलब्ध होतो, ही तेथील कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

सूर्योदयानंतरचा पहिला अर्धा तास आणि सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा अर्धा तास यांविषयी मात्र सावध राहावयास हवे. त्या वेळच्या सोनेरी प्रकाशात साधी गायदेखील देखणी दिसते. मुखपृष्ठासाठी असे चित्र अवश्य घ्यावे. परंतु त्या प्रकाशात पांढरे खिल्लार पिवळसर दिसते आणि फिकट तांबूस गाय गडद लाल भासते. नोंदीच्या चित्रात सौंदर्यापेक्षा रंगाचा खरेपणा महत्त्वाचा. तेव्हा सूर्य थोडा वर येऊ द्यावा.

रंगाचा दगा

रंगावर एवढा भर देण्याचे कारण असे की, आपल्या राज्यातील अनेक जातींची पहिली ओळख रंगावरून पटते. कंधार परिसरातील लाल कंधारी सर्वांगाने लाल असते. देवणीत तीन प्रकार मानतात: अंगावर काळे ठिपके असलेली शेवरा, सर्वांगाने पांढरी बाळंक्या आणि चेहऱ्याच्या बाजूंना काळा रंग असलेली वानेरा. अकोले-इगतपुरीच्या पावसाळी डोंगरांत टिकून राहणारी डांगी पांढऱ्यावर तांबड्या किंवा काळ्या ठिपक्यांची असते आणि तिच्या कातडीवर पाणी न धरणारा तेलकट अंश असतो. वर्धा भागातील गवळाऊ पांढरी ते करडी. या जातींची अधिकृत नोंदणी करनाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन संस्थेकडे होते आणि जातीच्या वर्णनासोबत नर-मादीची छायाचित्रेही जोडली जातात.

आता कॅमेरा काय करतो ते पाहावे. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरून चालते. त्याच्यापुढे काळीभोर म्हैस उभी केली की त्याला वाटते, प्रकाश कमी आहे. मग ते चित्र अधिक उजळ करते आणि म्हैस राखाडी होऊन बसते. पांढरे खिल्लार समोर आले की ते चित्र काळवंडते आणि बैल मळकट दिसतो. ही चूक क्षुल्लक नव्हे. अकोला, अमरावती, बुलढाणा भागात पूर्णा नदीच्या काठी पूर्णाथडी ही भुऱ्या रंगाची म्हैस आहे आणि तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदणी झालेली आहे. चुकीच्या उजेडात घेतलेली काळी नागपुरी म्हैस कागदावर भुरी दिसली, तर दूर बसून चित्र पाहणाऱ्याने काय समजावे?

यावरचा उपाय सोपा आहे. मोबाईलच्या पडद्यावर जनावराच्या अंगावर बोट टेकवले की बहुतेक मोबाईलमध्ये सूर्याचे लहानसे चिन्ह किंवा पट्टी दिसते. म्हशीसाठी ती खाली ओढावी, पांढऱ्या जनावरासाठी किंचित वर. पडद्यावरील रंग समोरच्या जनावराशी जुळला की थांबावे. मालकाला पडदा दाखवून खात्री करून घेतल्यास अधिक उत्तम. आपल्या जनावराचा रंग त्याच्याइतका कोणाला ठाऊक असणार?

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून जातीचा रंग ठरविणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रारंभीच्या काळातील अनेक काचपट्ट्या व फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यांवर लाल जनावर काळपट उमटे. तेव्हा जुन्या संग्रहातील काळी दिसणारी गाय खरोखर काळीच होती, असे निःशंकपणे म्हणता येत नाही.

झाड, गोठा आणि ढग

उन्हाचा त्रास टाळण्यासाठी जनावर कडुनिंबाखाली किंवा चिंचेखाली उभे करण्याची पद्धत सर्वत्र आहे. जनावराच्या सुखासाठी ती योग्यच. चित्रासाठी मात्र घातक. पानांतून गळणारे कवडसे अंगावर पडले की पांढऱ्या बाळंक्यावर शेवऱ्यासारखे ठिपके उमटतात आणि डांगीच्या खऱ्या ठिपक्यांत खोट्यांची भर पडते. सावली हवीच असेल तर ती भिंतीची किंवा इमारतीची, सलग आणि मोकळ्या आकाशासमोरची असावी. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या इमारतीची सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारनंतर पूर्वेकडे पडणारी सावली यासाठी फार उपयोगी पडते. समोर चुन्याने रंगविलेली भिंत असल्यास तिच्यावरून परतणारा मऊ प्रकाश जनावराचे पोट आणि पाय उजळून टाकतो. नाहीतर दोघांनी पांढरे धोतर ताणून धरले तरी तेच काम होते.

गोठ्यात चित्र घेण्याचा प्रसंग आलाच, तर जनावराचे तोंड दाराकडे करावे आणि छायाचित्र घेणाऱ्याने दाराच्या एका बाजूला, प्रकाश न अडविता उभे राहावे. पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्या टाळाव्यात. फ्लॅश तर वापरूच नये. गाई-म्हशींच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूस प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. अंधुक उजेडात त्यांना अधिक दिसावे यासाठी निसर्गाने केलेली ही योजना आहे. फ्लॅशचा झोत त्यावरून उलटतो आणि चित्रात डोळ्यांच्या जागी दोन निखारे दिसतात. शिवाय जनावर बिचकते ते वेगळेच.

पावसाळ्याचे ढगाळ दिवस बहुतेकांना छायाचित्रासाठी निकामी वाटतात. वास्तविक म्हशींसाठी आणि काळ्या उस्मानाबादी शेळ्यांसाठी त्याहून चांगला प्रकाश नाही. सारे आभाळच दिव्यासारखे काम करते, सावल्या मऊ होतात आणि काळ्या कातडीचा बारीक तपशीलही उमटतो. फक्त अंग कोरडे असावे. ओल्या अंगावर आभाळाची पांढरी झाक चमकते.

सूर्यप्रकाशाचे महत्त्व इतिहासातही नोंदलेले आहे. १८७८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची क्रमवार चित्रे घेतली. ओळीने बारा कॅमेरे, धावपट्टीवर आडवे ताणलेले दोरे आणि समोर पांढरी पार्श्वभूमी, एवढीच त्यांची सामग्री. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्या चित्रांनी निर्विवाद सिद्ध केले. शतकानुशतके चित्रकार घोड्याचे पाय पुढे-मागे ताणलेले काढीत आले होते. डोळ्यांना न दिसणारे सत्य तिखट उन्हाने आणि पांढऱ्या पडद्याने दाखविले.

जनावराची मर्जी

प्रकाश साधला तरी जनावर साधले पाहिजे. गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे तिला सभोवारचे सुमारे ३३० अंशांपर्यंतचे दिसते. नेमके पाठीमागचे तेवढे दिसत नाही. म्हणून मागून येणारा अनोळखी मनुष्य तिला धोक्याचा वाटतो. खांद्याच्या मागे उभे राहून पुढे सरकले की जनावर पुढे चालू लागते आणि खांद्याच्या पुढे गेले की मागे हटते. गुराख्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. छायाचित्र घेणाऱ्याने मात्र शिकावयास हवे: खांद्याच्या रेषेत, चार-पाच मीटर अंतरावर, हळू चालत येऊन उभे राहावे. तेवढ्या अंतराने मोबाईलचा दोषही टळतो. अगदी जवळून घेतलेल्या चित्रात डोके घागरीएवढे आणि मागचा भाग वासरासारखा दिसतो. हे चित्र विक्रीसाठी दाखविले तर खरेदीदार फसतो आणि नोंदीसाठी दिले तर नोंद फसते.

कॅमेरा जनावराच्या शरीराच्या मध्याइतक्या उंचीवर असावा. म्हशीसाठी किंचित वाकावे लागते, शेळीसाठी गुडघे टेकावे लागतात. उभ्याने खाली रोखून घेतलेली शेळीची चित्रे कार्यालयांत ढिगाने सापडतात. त्यांत पाठ तेवढी दिसते. जमीन सपाट असावी, गवत खुरांच्या वर नसावे, चारही पाय वेगवेगळे दिसावेत. सूर्य छायाचित्र घेणाऱ्याच्या एका खांद्यामागे असावा. त्याची स्वतःची सावली जनावरावर पडता कामा नये. जनावर धरणारा शक्यतो घरचाच माणूस असावा आणि कासरा सैल असावा. वेसण ओढून वर केलेले तोंड, पांढरे झालेले डोळे आणि खेचलेले कान हे चित्र जनावराचे नसून त्याच्या भीतीचे होते. घरच्या बाईने नावाने हाक मारली की कान आपोआप पुढे येतात. बटन दाबण्याचा क्षण तोच. दुधाची वेळ मात्र चुकवावी. धारेच्या वेळी अनोळखी माणसाने केलेली गडबड दुधावर दिसते.

पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी लांब शिंगे चौकटीत पूर्ण यावीत यासाठी थोडे अधिक मागे जावे. शिंगाचे टोक कापलेले चित्र त्या जातीच्या बाबतीत अपुरेच समजावे. आणि पोळा किंवा बेंदूर हे सण कितीही मनोहर असले, तरी त्या दिवशीचे चित्र घरात लावण्यासाठी ठेवावे. रंगविलेली शिंगे, झूल आणि गोंडे यांखाली जातीच्या खुणा झाकल्या जातात. सणासाठी न्हाऊ घातलेला बैल सजविण्यापूर्वी दोन मिनिटे उन्हात उभा केला, तर वर्षातले सर्वांत स्वच्छ चित्र मिळते, ही संधी फारच थोडे लोक साधतात.

बिल्ला आणि नाकाचा ठसा

कानातील बिल्ल्यावर बारा अंक असतात आणि भारत पशुधन या संगणकीय प्रणालीत ते जनावर त्याच क्रमांकाने ओळखले जाते. पिवळ्या प्लॅस्टिकवर थेट ऊन पडले की पृष्ठभाग चकाकतो आणि एखादा अंक पुसल्यासारखा दिसतो. तीनचा आठ होण्यास वेळ लागत नाही. बिल्ला ओल्या फडक्याने पुसून, जनावर सावलीत घेऊन, कान न ओढता चित्र घ्यावे आणि तेथल्या तेथे पडद्यावर मोठे करून बाराही अंक मोठ्याने वाचावेत. मात्र बिल्ल्याचे चित्र आणि संपूर्ण जनावराचे चित्र ही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. संपूर्ण चित्राशिवाय बिल्ला म्हणजे केवळ एक क्रमांक. तो कान तुटल्याने गळूनही पडतो.

न गळणारी खूण जनावराच्या नाकावर आहे. गाई-म्हशींच्या नाकपुड्यांमधील ओलसर भागावर रेषा व उंचवटे असतात आणि ते प्रत्येक जनावरात वेगळे असतात. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे त्यांचा ओळखीसाठी उपयोग होऊ शकतो, हे अमेरिकेतील पीटरसन यांनी १९२२ मध्ये मांडले. त्या काळी शाई लावून ठसा घेत. आता छायाचित्रावरून हे काम करण्याचे प्रयत्न होत आहेत. त्यासाठी नाक कोरड्या फडक्याने टिपावे आणि प्रकाश एका बाजूने तिरपा येऊ द्यावा. समोरून पडलेल्या उन्हात रेषा सपाट होतात.

गावोगावच्या शाळांत या कामाला सुरुवात करता येण्यासारखी आहे. सावली मोजण्याचा पाठ भूगोलात आहेच. त्याच तासाला पटांगणात उभ्या केलेल्या एका गाईचे चित्र सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना घेऊन तिन्ही चित्रे फळ्याशेजारी लावली, तर वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. ग्रामपंचायतीने गावातील जनावरांच्या चित्रांची एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक जनावराची डावी बाजू, उजवी बाजू, समोरून चेहरा आणि बिल्ला अशी चार चित्रे पुरेत. चित्रामागे बिल्ला क्रमांक, मालकाचे नाव, जात, वय, वेत, दिनांक आणि वेळ लिहावी. वासराचा रंग वाढत्या वयात बदलतो, म्हणून त्याचे चित्र दरवर्षी नव्याने घ्यावे. मोठ्या जनावराचे शिंग मोडल्यास किंवा नवा बिल्ला बसविल्यास त्याच आठवड्यात. चित्राची एक प्रत मालकाच्या घरी द्यावी आणि ती पशुवैद्यकीय दवाखान्याच्या कार्डासोबत ठेवण्यास सांगावे.